सांडपाणी शुद्ध झालं, पण त्यातल्या मिठाचं काय?



चैत्र-वैशाखात नदीला उपसाबंदी लागते, विहीर तळाला जाते, कॅनॉलचं आवर्तन लांबतं. पण शहराच्या गटाराला उपसाबंदी नसते. नळ चालू आहेत तोवर नाला बारमाही वाहतो. मग नाल्याकाठचा शेतकरी त्यात फूटव्हॉल्व्ह सोडतो आणि ऊस वाचवतो. त्याला दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. डोळ्यांदेखत उभं पीक वाळत असताना वाहतं पाणी सोडून द्या, असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण हे पाणी घेताना रानाचं काय होतं, हे मात्र माहीत पाहिजे. मला ते उशिरा कळलं आणि त्याची किंमत माझ्या मामांनी मोजली.

माझं आजोळ कृष्णाकाठी. काळी, खोल, गाळाची जमीन. कृषी पदविका घेऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मामांनी विचारलं, ''भाचेबुवा, नाल्याचं पाणी घ्यावं का न्हाय? वरच्या बाजूला शुद्ध करून सोडत्यात म्हणं.'' मी शिकलेला माणूस. म्हटलं, ''घ्या की मामा. शुद्ध केलेलं आहे, वर त्यात खत आहे. युरिया वाचेल.''

पहिली दोन वर्षं मामा माझं नाव काढत होते. ऊस असा काळाभोर की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. तिसऱ्या वर्षी सरीच्या वरंब्यावर पांढरी झाक दिसायला लागली. चौथ्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसात रान मेणासारखं झालं. पाणी आठ-आठ दिवस सरीत उभं. वाफसा येईना, आणि आला तर नांगराला ढेकूळ फुटेना. मध्यावरचे सहा-सात गुंठे उगवलेच नाहीत. माती तपासली तेव्हा सामू साडेआठच्या वर आणि मातीला चिकटलेला सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर निघाला. म्हणजे रान चोपण झालं होतं. मामा एवढंच म्हणाले, ''आरं, पाणी शुद्ध हुतं न्हवं?''

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज देतो.

शुद्ध म्हणजे नेमकं काय?

शहराचं सांडपाणी शुद्ध करताना तीन गोष्टी काढतात. पहिली गोष्ट गाळ. दुसरी, पाण्यात कुजणारी घाण. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू किती खाते यावरून तिचं मोजमाप होतं आणि त्याला बीओडी म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे रोगजंतू आणि जंतांची अंडी. ही तिन्ही कामं चांगली झाली की पाणी निवळ दिसतं, वास जातो आणि नदीतले मासे मरत नाहीत.

पण पाण्यात विरघळलेलं मीठ यातल्या कुठल्याच पायरीला निघत नाही. स्वयंपाकातलं मीठ, कपड्याच्या पावडरीतला सोडा, साबण, आंघोळीचं पाणी हे सगळं गटारात येतं आणि शुद्धीकरणाच्या तळ्यातून जसंच्या तसं बाहेर पडतं. शहरानं पाणी एकदा वापरलं की त्यात लिटरमागे साधारण दोनशे ते चारशे मिलिग्रॅम क्षार वाढतात. ते काढायचे तर घरच्या आरओसारखं महागडं यंत्र लागतं, आणि शेतीच्या पाण्यासाठी ते कुणी बसवत नाही.

म्हणून 'शुद्ध' या शब्दाचे दोन अर्थ लक्षात ठेवा. नदीसाठी शुद्ध झालेलं पाणी मातीसाठी शुद्ध असेलच असं नाही.

कायद्याचंही तसंच होतं. १९९३ साली पर्यावरण नियमांत सांडपाण्याच्या मर्यादा ठरल्या. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या पाण्याला १०० मिलिग्रॅम. जमीन घाण पचवते हा त्यामागचा हिशोब आणि तो खराही आहे. मातीतले जिवाणू शेण पचवतात तशी ही घाणही पचवतात. पण सोडियम कुठला जिवाणू पचवत नाही.

एका पाळीला चार पोती

आता पाटीवर हिशोब मांडू. पाण्याची क्षारता ईसी या मापात मोजतात. ईसी १ म्हणजे लिटरला अंदाजे ६४० मिलिग्रॅम क्षार. शहराच्या शुद्ध केलेल्या पाण्याला असा आकडा येणं काही नवलाचं नाही.

एक एकर उसाला पाटानं एक पाळी दिली, तीही तीन इंच म्हणजे आठ सेंटिमीटर धरली, तर सव्वातीन लाख लिटर पाणी लागतं. त्यातून रानात येणारं मीठ दोनशे किलोच्या वर भरतं. म्हणजे पन्नास किलोची चार पोती. वर्षाला पंचवीस पाळ्या धरल्या तर शंभर पोती, पाच टन! पीक यातलं अगदी थोडं उचलतं. बाकीचं एकतर पावसानं खाली धुऊन जातं, नाहीतर तिथंच राहतं.

नदीच्या पाण्यातही मीठ असतंच. ईसी ०.३ धरली तरी त्याच पंचवीस पाळ्यांतून वर्षाला दीड टन येतं. म्हणून तर नुसत्या नदीच्या पाण्यावर पाट भरभरून ऊस पिकवलेल्या आपल्या वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात हजारो एकर जमिनी खारवट आणि चोपण झाल्या. सांडपाणी या जुन्या दुखण्याला वेग देतं. जे पंचवीस-तीस वर्षांत व्हायचं, ते भारी काळ्या जमिनीत पाच-सात वर्षांत दिसू लागतं. निचरा बंद असलेल्या रानात तर मामांसारखं चौथ्या वर्षीच.

मिठापेक्षा सोडियम वाईट

मीठ वाढलेली जमीन आणि सोडियम वाढलेली जमीन, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

नुसती खारवट जमीन वरून पांढरी दिसते. तिच्यात पीक पाणी असून तहानलेलं राहतं. पण माती भुसभुशीत असते, निचरा करून गोड्या पाण्यानं धुतली की सुधारते.

चोपण जमिनीचं दुखणं मातीच्या कणांतच असतं. आपल्या काळ्या जमिनीतले चिकणमातीचे कण कॅल्शियमच्या बंधानं एकमेकांना धरून असतात, म्हणून माती रवाळ राहते, तिला भेगा पडतात, हवा खेळते. सांडपाण्यात सोडियम जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. पाळीमागून पाळी देत गेलं की सोडियम कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो. मग कण एकमेकांना सोडतात, पाण्यात विखुरतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. वरून पाणी मुरत नाही, खालून हवा जात नाही. रान काळं, तुपकट दिसतं आणि वाळलं की दगड होतं.

यातली फसवणूक नीट समजून घ्या. नाल्याचं पाणी चालू असतं तोवर त्यातल्या मिठामुळंच मातीचे कण बरेचसे एकत्र राहतात. रान बरं दिसतं. मृगाचा पाऊस पडतो. पावसाचं पाणी गोडं. ते मीठ धुऊन नेतं, पण मातीला चिकटलेला सोडियम तिथंच राहतो. आणि त्या दिवशी रान मेण होतं. शेतकरी म्हणतो, ''औंदा पावसानं रान बिघडलं.'' पावसानं काही बिघडवलेलं नसतं, चार वर्षांचं बिघडलेलं त्यानं फक्त उघडं केलेलं असतं.

इस्राएल देशात जवळजवळ नव्वद टक्के सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात. जगात याबाबत त्यांचा पहिला नंबर. पण त्यांच्याकडेही चिकणमातीच्या जमिनीतल्या फळबागांत बरीच वर्षं हे पाणी दिल्यावर सोडियम वाढल्याचं, पाणी मुरणं कमी झाल्याचं आणि झाडं खंगल्याचं आढळलं. वाळूच्या जमिनीत हा त्रास तेवढा झाला नाही. म्हणजे पाण्याइतकाच प्रश्न मातीचा आहे.

एकच पाणी, दोन रानं

आपल्या सातारा-सांगलीतही तेच दिसतं. आटपाडी भागातल्या एका गावात मी जातो. तिथं गावाच्या गटाराचं पाणी दोन तळ्यांत मुरवून-निवळून पुढं चाऱ्याच्या गवताला देतात. जमीन मुरमाड, उताराची. खाली पाणी थांबतच नाही. कित्येक वर्षं झाली, गवत जोमात आहे. माती तपासली तर सामूत फारसा फरक नाही.

तेच पाणी कृष्णाकाठच्या चार-पाच फूट खोल काळ्या रानात दिलं तर काय होतं, ते मामांच्या रानानं दाखवलं.

म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांतली हलकी, निचऱ्याची रानं सांडपाणी पचवायला अधिक लायक आहेत. अडचण एवढीच की सांडपाणी तयार होतं नदीकाठच्या शहरांत आणि तहान आहे माळावर. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी माळावर चढवलं, ते याच तहानेसाठी. सांगलीच्या शेरीनाल्याबाबतही हाच विचार झाला. शहराचं सांडपाणी कृष्णेत न सोडता उचलून धुळगावला न्यायचं, तिथं ऑक्सिडेशन तळ्यांत शुद्ध करायचं आणि शेतीला द्यायचं. ही योजना चालल्याच्या आणि बंद पडल्याच्या बातम्या सांगलीकर वर्षानुवर्षं वाचत आले आहेत. योजना बंद पडली की नाला पुन्हा नदीत. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच आपण पाहिला. नदीत काय काय सोडलं जातं, याची ती आठवण होती.

माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना मिळते. वरच्या गावानं सोडलेलं पाणी खालच्या गावाचं पिण्याचं पाणी होतं. म्हणून सांडपाणी नदीत न जाता शेतात जाणं, हे तत्त्व चांगलंच आहे. फक्त कुठल्या शेतात आणि कसं, हे ठरवायला हवं.

पुण्याकडेही पाहा. तिथं शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडतात आणि ते हवेली, दौंडकडच्या शेतीला मिळतं. धरणातलं पाणी शहरानं जास्त घ्यायचं आणि त्याबदली शेतीला शहराचं वापरलेलं पाणी द्यायचं, असा हा व्यवहार आहे. उद्या आपल्याकडेही हा व्यवहार आल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा ''पाणी किती देणार?'' एवढंच विचारून चालणार नाही. ''त्याची ईसी किती, सोडियम किती?'' हेही विचारावं लागेल.

खत फुकट, पण मापात नाही

सांडपाण्यात नत्र असतो ही गोष्ट खरी. लिटरला तीस मिलिग्रॅम नत्र धरला, तर एकराच्या एका पाळीतून जवळजवळ दहा किलो नत्र येतो. पंचवीस पाळ्यांतून दोनशे चाळीस किलो, म्हणजे युरियाची अकरा-बारा पोती. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६० किलो. पाण्यातूनच दीडपट गेला, आणि आपण वर नेहमीची पोती टाकतोच!

जास्त नत्रानं ऊस माजतो, लोळतो, पक्वता लांबते, साखर उतारा घटतो. तासगाव-मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना तर सांगायलाच नको. वेल पानात जातो आणि घड कमी सुटतात. शिवाय नत्र पीक मागेल तेव्हा येत नाही, पाणी द्याल तेव्हा येतो. पक्वतेच्या काळात, जेव्हा नत्र नको असतो, तेव्हाही पाणी द्यावंच लागतं.

म्हणून हे पाणी वापरणाऱ्यानं पाण्यातला नत्र तपासून तेवढं खत कमी केलंच पाहिजे. खताचे पैसे वाचतील आणि पीकही ठिकाणावर राहील. स्फुरद आणि पालाशही थोडा येतो, पण माती परीक्षणाशिवाय तो गृहीत धरू नका.

कुठलं पीक, कुठलं नको

आपला समज असा की ऊस काहीही सोसतो. खारटपणाच्या बाबतीत हा समज खोटा आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्याप्रमाणं मातीच्या अर्काची ईसी १.७ च्या पुढं गेली की उसाचं उत्पन्न घटू लागतं. द्राक्षाचं १.५ ला, कांद्याचं १.२ ला, घेवड्याचं १ लाच. उलट गहू ६ पर्यंत, ज्वारी ६.८ पर्यंत आणि कापूस ७.७ पर्यंत टिकाव धरतो. ज्वारीला आपण गरिबाचं पीक म्हणून मागं सारलं, पण खारट रानात तीच ताठ उभी राहते.

हैदराबादला मुसी नदीच्या काठी सांडपाण्यावर पूर्वी भात होत असे. भाताला ते पाणी मानवेना, तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी पॅरा गवत लावलं आणि शहरातल्या दूधवाल्यांना चारा विकायला सुरुवात केली. रानाला सोसेल ते पीक घेण्याचा हा शहाणपणा.

आरोग्याचं पथ्यही सांगतो. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, काकडी, टोमॅटो, जे जमिनीलगत येतं आणि कच्चं खाल्लं जातं, त्याला हे पाणी देऊ नका. बाजारात ती भाजी तुमच्या-माझ्याच पोरांच्या ताटात येते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ साली घालून दिलेली मर्यादा अशी, की कच्च्या खाण्याच्या पिकाला देण्याच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे विष्ठेतले जिवाणू हजाराच्या वर नसावेत आणि लिटरमागे जंतांचं अंडं एकाहून जास्त नसावं. तळ्यात पाणी आठ-दहा दिवस थांबलं तर जंतांची अंडी बहुतेक तळाला बसतात. पाणी धरणाऱ्यानं गमबूट आणि हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणानं हातपाय धुवावेत. अनवाणी पाणी पाजू नये, पोरांना त्या पाटात खेळू देऊ नये.

आणि एक पक्की खूणगाठ बांधा. जिथं शहराच्या गटारात कारखान्याचं किंवा औद्योगिक वसाहतीचं पाणी मिसळतं, तिथलं पाणी घेऊच नका. जड धातू मातीच्या वरच्या थरात बसले की ते पावसानं धुऊन जात नाहीत आणि जिप्समनंही निघत नाहीत. मळीमिश्रित पाणी ही तर तिसरीच वस्तू आहे, तिला सांडपाण्याच्या हिशोबात धरू नका.

आधी तपासणी, मग पाळी

पाण्याचा नमुना घेताना मोटार थोडा वेळ चालू ठेवा. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळाळून घ्या आणि काठोकाठ भरून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असं वर्षातून दोनदा तपासा. उन्हाळ्यात नाल्यात मीठ घट्ट होतं.

अहवालात तीन आकडे बघा.

पहिला ईसी. ०.७५ च्या आत असेल तर बहुतेक रानांना चालतं. ०.७५ ते २.२५ च्या मध्ये असेल तर निचऱ्याच्या रानातच वापरावं. २.२५ च्या वर असेल तर हात जोडावेत.

दुसरा एसएआर. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती. १० च्या आत बरा असं पुस्तक सांगतं, पण भारी काळ्या जमिनीत माझा सल्ला ६ च्या वर गेला की सावध होण्याचा आहे.

तिसरा आरएससी, म्हणजे पाण्यातला शिल्लक सोडा. १.२५ च्या आत चांगला, २.५ च्या वर वाईट. हा सोडा कॅल्शियमचा चुना करून टाकतो आणि सोडियमला मोकळं रान देतो.

मातीचा नमुना फक्त वरचा घेऊन चालत नाही. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे तीन थर वेगळे घ्या. वरचा थर चांगला आणि खालचा बिघडलेला, असं पुष्कळदा सापडतं आणि तीच सुरुवात असते.

प्रयोगशाळा लांब असेल तर घरी एक परीक्षा करा. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी घ्या. वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा त्यात अलगद सोडा आणि पेला हलवू नका. दोन-तीन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. खडा नुसता विरघळून तळाला बसला आणि पाणी निवळ राहिलं तर ठीक. खड्याभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियम रानात शिरला समजा आणि लगेच माती तपासायला द्या. मामांच्या रानात ही परीक्षा मी पहिल्याच वर्षी केली असती तर!

पाणी घ्यायचंच असेल तर

पाणी दुसरं नाहीच, अशी वेळ असेल तर पुढची पथ्यं पाळा.

१) नुसतं सांडपाणी देऊ नका. विहिरीचं किंवा नदीचं गोडं पाणी असेल तर मिसळून द्या किंवा आलटून-पालटून द्या. उगवणीच्या वेळची पाणी गोडीच असू द्या, कारण कोवळं पीक मीठ सोसत नाही.

२) आधी निचरा, मग बाकी सगळं. रानाच्या खालच्या अंगाला चर काढा. चर ओढ्यापर्यंत जात नसेल तर शेजाऱ्यांना बरोबर घ्या. एकट्याचा चर शेजाऱ्याच्या बांधाला अडतो, म्हणून हे काम भावकीनं आणि शिवारानं मिळून करायचं आहे. भूमिगत पाईप घालायचे तर खर्च मोठा, पण चार-सहा जणांनी मिळून केला तर झेपतो.

३) आरएससी जास्त असेल तर पाण्यात जिप्सम द्या. मर्यादेच्या वरच्या प्रत्येक एका आकड्यामागं एकराच्या एका पाळीला साधारण अठ्ठावीस किलो शुद्ध जिप्सम लागतं. बाजारातलं जिप्सम पूर्ण शुद्ध नसतं, तेव्हा पस्तीस-चाळीस किलो धरा. पाटात गोणी ठेवून तिच्यावरून पाणी वाहू द्यावं.

४) चोपण झालेल्या रानात माती परीक्षणाप्रमाणं जिप्सम शेणखतात मिसळून वरच्या थरात द्या. चुनखडीच्या जमिनीत गंधक चालतं. पण निचरा नसताना जिप्सम टाकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. जिप्समनं सुटलेला सोडियम रानाबाहेर जायला वाट पाहिजे.

५) दरवर्षी नाहीतर वर्षाआड धैंचा किंवा ताग फुलावर आला की गाडा. धैंचा चोपण रानातही उगवतो आणि त्याची मुळं मातीला वाट करून देतात. पाचट जाळू नका, कुजवा.

६) ठिबक वापरत असाल तर वाळूचा फिल्टर घाला, नाहीतर तोट्या बुजतात. ठिबकचं मीठ ओलाव्याच्या कडेला गोळा होतं. पहिला हलका पाऊस ते मीठ मुळाशी ढकलतो. म्हणून पहिल्या पावसात ठिबक बंद करू नका, थोडा वेळ चालू ठेवा.

७) शुद्धीकरण केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा तपासणी अहवाल नगरपालिकेकडं मागा. २००५ च्या माहिती अधिकाराखाली तो मागता येतो. आपल्या रानात काय येतंय ते विचारण्याचा आपला हक्क आहे.

खारवट-चोपण जमिनींवर काम करणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथं एकदा जाऊन या. पीक गेल्यावर जाण्यापेक्षा पाईपलाईन टाकण्याआधी जा.

मामांचं रान आज

मामांनी शेजारच्या तिघांना तयार केलं. चौघांनी मिळून बांधाच्या कडेनं चर काढला आणि ओढ्याला नेऊन सोडला. पहिल्या वर्षी ऊस घेतला नाही. जिप्सम टाकलं, धैंचा गाडला, पावसाचं पाणी रानात अडवून मुरवलं. पुढच्या वर्षी गहू, मग ज्वारी. नाल्याचं पाणी पूर्ण बंद केलं नाही, पण आता दोन पाळ्या विहिरीच्या आणि एक नाल्याची. खताची पोती निम्म्यावर आली. रानाचा बराच भाग परत कसात आला. मधले तीन-चार गुंठे मात्र अजून धड नाहीत. तिथं मामांनी गवत लावलं आहे.

परवा गेलो तेव्हा मामा बांधावर बसले होते. मला म्हणाले, ''भाचेबुवा, तुझं पुस्तक खोटं न्हवतं रं. पर तू पाण्याचं पान वाचलंस आन् मातीचं पान उलटायचं ऱ्हायलं.''

बंधूंनो, सांडपाणी येणार आहे. शहरं वाढतायत, नद्या आटतायत, आणि ते पाणी नदीत जाण्यापेक्षा शिवारात गेलेलं बरंच. ते नाकारू नका. पण फुकट मिळतंय म्हणून डोळे झाकून घेऊही नका. पाण्याचा अहवाल एका हातात आणि मातीचा अहवाल दुसऱ्या हातात असल्याशिवाय मोटारीचं बटण दाबू नका. पीक एक वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी भरून निघतं. पण रान गेलं तर ते परत आणायला एक पिढी जाते.